उशीर का झाला

मंगळवार, डोंबिवली

आज मी धाकट्या दिराबरोबर, विनयबरोबर, ठाण्याला नौपाड्यात वकिलांकडे गेले. काही वर्षांपूर्वी कारखान्यातल्या अपघातात हे गेले. भरपाईच्या दाव्याची मुदत केव्हाच टळली, म्हणून आधी उशीर माफ करा असा अर्ज द्यायचा.

"कारण काय लिहू? कायदा माहीत नव्हता?" वकिलांनी विचारलं.

शपथेवर खोटं? कायदा मला माहीत होता. पण हॉस्पिटलमध्ये हे म्हणाले होते, "विनू आमच्या कंपनीत पर्मनंट होईपर्यंत तिच्याविरुद्ध काही करू नकोस." मागच्या महिन्यात तो झाला. शेवटी सांगून टाकलं.

"वहिनी, इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कोर्ट म्हणेल, जाणूनबुजून थांबलात," वकील म्हणाले. "शिवाय तुमच्या या दिरांची नोकरी..."

"माझं नाव घालून लिहा," विनय म्हणाला.

मी सही केली. हे गेले तेव्हा तो रडला नव्हता. आज रिक्षात रडला.