हंस कोणाकडे पाहतात

३ जुलै, गुरुवार. दुपार.
आजपासून रोज लिहिणार. लिहिलं की डोकं थंड राहते म्हणे.
काजलनं, म्हणजे माझ्या पोरीनं, कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम केला. साडीच्या काठाची नक्षी त्यात टाकली की कोणता धागा कधी उचलायचा ते विणकराले ओळीओळीनं सांगते. फुकट आहे. कोणीही वापरा, कोणीही दुरुस्त करा. त्यात पहिला काठ माझ्या बाबांचा, हंसाचा. माझ्या माहेरी, उमरेडात, आता तो कोणीच विणत नाही. सगळी माहिती मी तोंडी सांगितली. मी सातवी नापास, पण हा काठ पाठ. बाबांच्या मागासमोर बसूनच लहानाची मोठी झाली.
अशा फुकटच्या प्रोग्रामवाल्यांचा इंटरनेटवर मोठा ग्रुप आहे. त्यांनी पंधरा तारखेपर्यंत पास केलं तर काठ त्यांच्या संग्रहात राहील, बाबांच्या नावासकट. पास होणारच.

४ जुलै, शुक्रवार.
त्या ग्रुपवर कोणी उन्मेष आहे. पास-नापास तोच करते. त्यानं लिहिलं: हंस उलटे चालून राहिले. ज्यानं माहिती दिली तो मागावर बसलेला दिसत नाही. हे कामाचं नाही.
बस, एवढंच. नमस्कार नाही, काही नाही.
काजल म्हणाली, आई, तिथं असंच बोलतात, मनावर घेऊ नको. मी म्हटलं, मी कुठं घेऊन राहिली? मले राग आलाच नाही. माझ्या दुकानात दोन ब्लाऊजच्या बाह्या उलट्या लागल्या, ते लाईट कमी होता म्हणून.

५ जुलै, शनिवार.
ठरलं. दुर्लक्ष करायचं. उन्मेषचं नावही काढायचं नाही.
फोटोत उन्मेष गळ्यात हेडफोन घालून बसला आहे. मागाजवळ तरी गेला असंल काय कधी?
यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, जाऊ दे. सिलेंडर संपला तरी हे जाऊ देच म्हणतात.

७ जुलै, सोमवार. सकाळी ११.
काजल बँकेत गेली. लॅपटॉप उघडाच होता. बोललं की आपोआप टाइप होते, हे मले माहीत आहे. ग्रुपवर त्याले एकच ओळ लिहिणार होती. अकरा झाल्या.
वाईट काही लिहिलं नाही. एवढंच, की तुले घरी बोलायची रीत कोणी शिकवली नाही. की मागावर बसायले कंबर लागते, हेडफोन नाही. की हिंमत असंल तर सक्करदऱ्याले ये, तलावाच्या रस्त्यावर फॉल-पिकोचं दुकान आहे, कोणालेही विचार.
फार हलकं वाटलं. वरण उतू गेलं, पण हलकं वाटलं.

८ जुलै, मंगळवार.
ग्रुपवाल्यांनी काजलचं खातं आठ दिवस बंद केलं. म्हणजे घाबरले.
जेवताना काजल एवढंच म्हणाली, त्याच्या तीन ओळीतली पहिली हंसाबद्दल होती. तुझ्या अकरा ओळीत हंस एकदाही नाही.
मी म्हटलं, हंसाचं काय सांगायचं? ते बरोबरच आहेत.
तिनं ताट उचललं. भात तसाच.

१० जुलै, गुरुवार.
पुरावा आणते. उमरेडले देवाजी काका आहेत. बाबांच्या शेजारच्या मागावर वीस वर्षं बसले. त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, व्हिडिओ काढायचा, खातं उघडलं की लावायचा. सोबत माझं दोन पानांचं उत्तर. मनात तयार आहे. शेवट असा, की उन्मेषनं कॉम्प्युटर भंगारात द्यावा.
आता राग अजिबात नाही. फक्त त्याले दाखवायचं आहे.

१३ जुलै, रविवार. संध्याकाळ.
एसटीनं गेलो, काजल आणि मी. काकांची नजर कमी झाली. नक्षीचा कागद डोळ्याजवळ धरून पाहिला. व्हिडिओ चालू.
काका म्हणाले, हे हंस माघारी काहून चालून राहिले वं?
मी म्हटलं, काका, हंस आपल्याकडे पाहतात. मले पक्कं आठवते.
काका म्हणाले, कोणाकडे? तुझा बाप तर म्हणे, मीच या हंसायले जन्म देतो आणि हे माझ्याकडेच पाठ करून पदराकडे निघतात. रोज म्हणे.
मग कागद खाली ठेवला. म्हणाले, तू मागावर कधी बसली वं सरिता? तू तर बापासमोर पाटावर बसून धाग्याच्या कांड्या भरे.
काजलनं व्हिडिओ बंद केला नाही. मी हातानं फोन खाली केला.
बसमध्ये खिडकी मिळाली. हंस माझ्याकडे पाहत, हे खोटं नाही. मी मागाच्या दुसऱ्या बाजूनं होती.

१४ जुलै, सोमवार.
काजलनं हंस फिरवले. किती वेळ लागला विचारलं. एक ओळ बदलली म्हणे. चाळीस वर्षं ते माझ्या डोक्यात एकाच दिशेनं चालले, ती म्हणते एक ओळ.
माफी मात्र तू लिही म्हणाली. लिहिली. चार वेळा. पहिल्या माफीत सात वेळा ‘पण’ होतं. चौथ्या माफीत पुन्हा हेडफोन आला. तिनं चारही खोडल्या.

१५ जुलै, मंगळवार. दुपारी ४.
खातं उघडलं. दोन पानं राहिलीच. एकच ओळ गेली: मी मागावर बसत नव्हती, समोर कांड्या भरत होती.
काठ पास झाला. बाबांचं नाव लागलं. उन्मेषकडून शब्द एक नाही, नुसतं अंगठ्याचं चित्र. बारा दिवसांच्या रागाले एक अंगठा.
बाबांच्या नावाखाली काजलनं लिहिलं आहे: माहिती, देवाजी काका. कांड्या, सरिता.
तीनदा वाचलं. चूक सापडली नाही.