एकही चौकोन रिकामा नाही

३ मार्च, सोमवार
लेकीचा फोन. या महिन्यात चार दिवस सुट्टी मिळतेय, कधी येऊ ते सांग म्हणाली. दीड वर्षाने येणार. 'कधीही ये' तोंडावर आलं होतं, पण वीस वर्षं वेबसाइटी बनवणाऱ्या माणसाला ते शोभत नाही. म्हटलं, लिंक पाठवतो. ऑफिससाठी कॅलेंडर बनवतोच आहे. त्यावर रिकामे दिवस दिसतील, बोटाने ओढ आणि बुक कर. गुरुवारी नक्की.
तिला वाटतं, तिची आई गेल्यापासून मी एकटा पडलोय. गैरसमज. टीव्ही असतो.

६ मार्च, गुरुवार
झालं नाही. फेब्रुवारी तीस दिवसांचा दिसत होता. ऑफिसात चुका शोधणाऱ्या आमच्या टेस्टरबाई म्हणाल्या, लेकीला सरळ फोन का करत नाही? या बाईंना मोठा विचार करताच येत नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे फिरायला जाणे.

७ मार्च
बूट सापडला. एकच.

१० मार्च, सोमवार
ओढाओढ जमली. साहेब म्हणाले, रिकामं कॅलेंडर गिऱ्हाइकाला काय दाखवणार, भरा काहीतरी. स्वतःच्याच नावावर खोट्या नोंदी टाकल्या. पोहणे. नाटक. गिटारचा क्लास. मित्रांसोबत जेवण. कोणते मित्र, याचा विचार करता करता चहा गार झाला. आठ रंग वापरले. अख्खा मार्च गच्च. उगीचच बराच वेळ बघत बसलो. काय मजेत जगतोय हा माणूस.

१२ मार्च, बुधवार
लिंक पाठवली. तिच्या खोलीतले खोके माळ्यावर टाकले. उशी उन्हात ठेवली. कोणी कधी उघडलं तेही माझ्या कॅलेंडरवर दिसतं. लेकीने ११.२० ला उघडलं, ११.२६ ला बंद. सहा मिनिटं. म्हणजे आवडलंय.

१३ मार्च
अजून बुकिंग नाही. तिच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असणार.

१४ मार्च, शुक्रवार
लेकीचा मेसेज. बाबा, तू एवढा रमलास हे बघून किती बरं वाटलं. मी उगीच जीवाला घोर लावून घेत होते. एकही दिवस मोकळा नाही, तर माझ्यासाठी काही मोडू नकोस. मैत्रिणींबरोबर डोंगरात जातेय, तिकिटं काढली. गिटार ऐकव कधीतरी.
खोट्या नोंदी काढायच्या राहिल्या होत्या.
तासभर उत्तर लिहिलं, खोडलं. फार वाईट वाटलं. इतकी खूश होती की खरं सांगवेना. शेवटी लिहिलं, हो ना, जरा गडबडच आहे या महिन्यात.
उशी आत आणली.

२० मार्च, गुरुवार
कॅलेंडर पास. टेस्टरबाईंनी विचारलं, लेक आली का? म्हटलं, मलाच वेळ नव्हता.
घरी येऊन नोंदी पुसल्या. पान आता झटकन उघडतं. मंगळवारचा गिटारचा क्लास तेवढा ठेवला. लेक विचारेल.