कुठली गं तू?

शनिवार संध्याकाळ, गिरावीन (सिडनी), जून २०२०

लॉकडाउनमध्ये काम गेलेल्या, इथे शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना आज आमच्या मराठी मंडळाने फुकट किराणा वाटला. पिशवी द्यायच्या आधी मी प्रत्येकाला विचारत होते, "कुठला रे तू?" नाशिक, सातारा ऐकलं की पिशवी हातात. सवयच आपली. त्यात काय एवढं, असं वाटायचं.

मग सायली नावाची मुलगी आली, बरोबर तिची नेपाळी रूममेट सुनीता. दोघी एकाच कॅफेत होत्या, दोघींचं काम एकदमच गेलं. आमच्या सेक्रेटरी वृंदाताई म्हणाल्या, "अगं, हे आपल्या मुलांसाठी आहे. सगळ्यांना कुठून पुरणार?" खोटंही नव्हतं. पिशव्या कमीच होत्या.

"नो वरीज, आंटी," सुनीता हसून म्हणाली आणि बाहेर जाऊन थांबली.

इथलं सरकार पासपोर्ट बघून फक्त आपल्याच लोकांना मदत देतं म्हणून आम्हीच ओरडत होतो ना? मग मी गप्प का बसले? आणि बोलून तरी काय होणार होतं?

ते "नो वरीज" डोक्यातून जात नाही. तेव्हाही जात नव्हतं. तरी पुढची मुलगी समोर आली आणि माझ्या तोंडून निघालंच, "कुठली गं तू?"