हुप्प्याची तेरवी

१८ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! साकोलीहून सानगडीपर्यंत एसटी, पुढचे चार किलोमीटर मुरारीच्या मोटारसायकलवर, मागे बॅग आणि मांडीवर मासळीचं जाळं. मुरारी तलावात मासेमारी करतो. त्याच्या घराची अंगणाकडची खोली मला मिळाली आहे. वर कवेलूंचं छप्पर, समोर गोठा, त्यापलीकडे तलावाची पाळ, मातीचा उंच बांध. त्याच्या बायकोने, बायाबाईंनी, आल्याआल्या वांग्याची भाजी आणि भात वाढला, आणि एवढा शिकलेला माणूस वानरं पाहायचा पगार घेतो म्हणून पदराआड हसून घेतलं.

काम तेवढंच आहे. तलावाकाठच्या वानरांच्या एका कळपामागे रोज सकाळ-संध्याकाळ हिंडायचं आणि कोण कोणाजवळ बसलं, कोणी कोणाच्या उवा काढल्या ते वहीत लिहायचं. ती वही नागपूरच्या मॅडम तपासणार. त्यांचे नियम कडक आहेत : खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, नावं ठेवायची नाहीत. ही दुसरी वही माझी, इथे मॅडम नाहीत. ज्योत्सना वर्ध्याला माहेरी आहे. लेक रेणू सात महिन्यांची झाली. थोडं बस्तान बसलं की दोघींना आणीन.

२२ नोव्हेंबर
कळपात तेवीस जण. अकरा माद्या, बाकी पोरंटोरं आणि एकच मोठा नर. त्याला इथे हुप्प्या म्हणतात. एकीचं शेपूट टोकाला वाकडं आहे, मी तिला वाकडी म्हणतो. (नाव ठेवलंच शेवटी.) तिचं पिल्लू अजून काळंभोर आहे. ते दिवसभर या मादीकडून त्या मादीकडे फिरत असतं, मावशी-आत्यांची नुसती ओढाओढ. आई मात्र निवांत डुलकी काढते.

तलावापलीकडच्या आमराईत नुसत्या नरांची टोळी आहे. सात जण, बिनबायकांचे. त्यातला एखादा कधी तरी येऊन हुप्प्याला हाकलतो आणि कळप घेतो. मग जुन्या नराची अंगावर पिणारी पिल्लं तो मारतो. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि त्याच मारेकऱ्याला आपला म्हणते. एम.एस्सी.ला या प्रश्नाला मला दहापैकी नऊ मिळाले होते. बायाबाईंना सांगितलं तर त्या हातातलं सूप उचलून आत निघून गेल्या.

२८ नोव्हेंबर
इथे खरं लिहायला हरकत नाही. वानरं मला जवळ येऊ देत नव्हती आणि मॅडमना शुक्रवारपर्यंत जवळून घेतलेले फोटो हवे होते. तीन दिवस दारात शेंगदाणे टाकले. फोटो झकास आले. मॅडम म्हणाल्या, अनुप, तुझ्यात चिकाटी आहे. मी थँक्यू म्हणालो. फोन ठेवल्यावर कान गरम झाले होते.

१ डिसेंबर
काल लिहू शकलो नाही. आज लिहितो, सगळं लिहितो.

काल दुपारी तलावावरून परतलो तर दार ढकललेलं. वानरं खोलीत. शेंगदाण्याचा डबा फोडलेला, आणि कामाच्या वहीच्या चिंध्या. तेरा दिवसांची मेहनत. माझं डोकं फिरलं. हाताला वरवंटा लागला तो फेकला. वाकडी दारातून बाहेर उडी मारत होती. तो तिला लागला नाही, पोटाशी बिलगलेल्या पिल्लाला लागला.

हुप्प्या धावून आला. मी कोपऱ्यातली सळई उचलली. पहिला फटका भीतीने मारला. दुसऱ्यानंतर तो वळला, चालला होता, लंगडत चालला होता. तिसरा मी त्याच्या पाठीत मारला. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

मुरारी तलावावर होता, बायाबाई धानाच्या मळणीला. कोणी पाहिलं नाही. नव्या वहीत मी लिहिलं, मुरारीलाही तेच सांगितलं : पिल्लू विजेच्या खांबावरून पडून मेलं.

३ डिसेंबर
वाकडी मेलेलं पिल्लू अजून घेऊन फिरते. त्याच्यावरच्या माश्या हाकलते. मी मान खाली घालून नोंदी करतो.

सकाळी हुप्प्या पाळीवर मेलेला सापडला. लोकांनी तारेचा शॉक ठरवला. माझं वाक्य माझ्याआधीच गावभर झालं होतं. गावाने माणसासारखी तिरडी बांधली, गुलाल उधळला, टाळ काढले. मग मुरारी माझ्याकडे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “सर, तुमी त्याच्या संगतीत राहून राहिले होते. आग तुमीच द्या जी. आमचा तेवढा हक नाही.”

तेव्हा बोलायचं होतं. चाळीस माणसं होती. माझं तोंड उघडलं आणि त्यातून ‘बरं’ एवढंच आलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात. कोलीत माझ्या हातात होतं आणि माकड समोर लाकडांवर होतं. नंतर माझं डोकं भादरलं. म्हातारी आनंदाबाई माझ्या पाया पडली. पाय मागे घ्यायलाही उशीर झाला.

पंधरा तारखेला तेरवी आहे, तेराव्या दिवसाचं गावजेवण.

६ डिसेंबर
इतके दिवस मी वानरांच्या सुडाला भीत होतो. चोराच्या मनात चांदणं. पण ती रागावलेली नाहीत. सकाळी दार उघडलं तर साऱ्या माद्या अंगणात बसलेल्या, शांत. वाकडीच्या हातात आता पिल्लू नाही. ती माझ्यापर्यंत चालत आली आणि पाठ करून बसली. उवा काढायला सांगतात तशी.

उभ्या जागी मला आठवलं. दहापैकी नऊवाला प्रश्न. ज्याने जुन्या नराला हाकललं, ज्याने पिल्लू मारलं, तो—

त्यांनी मला माफ केलेलं नाही. त्यांनी मला हुप्प्या केलंय.

९ डिसेंबर
मी जातो तिथे त्या येतात. संडासाला गेलो तर भिंतीवर रांगेने. गाव कौतुकाने बघतं. मुरारी म्हणतो, वांदरं उपकार विसरत नाहीत. उपकार!

बायाबाईंनी माझ्या नकळत ज्योत्सनाला फोन करून तेरवीचं आमंत्रण दिलं. ज्योत्सना हरखून गेली आहे. मी येऊ नको म्हणालो. तिने विचारलं का. मी म्हणालो, इथे थंडी फार आहे. ती म्हणाली, वर्ध्याला काय उन्हाळा आहे का.

११ डिसेंबर
आमराईतले नर पाळ ओलांडून आले. सातही. पुढे एक दांडगा, डावा कान चिरलेला. तो माद्यांकडे पाहत नाही, माझ्याकडे पाहतो. आणि दातावर दात घासतो. तो करकर आवाज खोलीत ऐकू येतो.

मॅडमनी फोनवर विचारलं, कळपाचा नवा नर कोण. मी म्हणालो, अजून ठरलं नाही.

१३ डिसेंबर
विहिरीवर. तो चिरलेल्या कानाचा पाठीमागून आला. खांदा फाडला. मी पडलो— सळई हातात होती, ती टाकून पळालो. आत येऊन कडी लावली. फटीतून पाहिलं तर माद्या हलल्याही नव्हत्या. वाकडी उठली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. पाठ करून.

म्हणजे मी हरलो. ठीक आहे. सुटलो. आता कळप त्याचा—

नाही. पुढचा भाग राहिला. जुन्या नराची अंगावर पिणारी पिल्लं.

रेणू.

१४ डिसेंबर
सकाळी फोन लावला. सांगायचं ठरवलंच होतं. पिल्लू मी मारलं, हुप्प्या मी मारला, म्हणून येऊ नको. ज्योत्सना म्हणाली, बसमध्ये बसले, आवाज येत नाही. आवाज येत नव्हता की मी बोललोच नाही?

संध्याकाळी उतरल्या. रेणू झोपलेली. ज्योत्सनाने माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. खांद्याला काय झालं विचारलं. तार लागली म्हणालो. पुन्हा तार. म्हणाली, वाटेत मुरारीभाऊंनी सगळं सांगितलं, तुझा अभिमान वाटतो.

यानंतर कसं सांगू? उद्या दुपारच्या बसने परत पाठवीन. सकाळभर दार बंद.

१५ डिसेंबर
दार बंद राहिलं नाही. तेरवीचं घर. डोकं दुखतं सांगून मी आत बसलोय. अंगणात पंगत बसतेय. बायाबाई येऊन रेणूला घेऊन गेल्या. “द्या जी, बायामंदी खेळते लेकरू.” मी दिली. माझ्या हाताने.

खिडकीतून दिसतंय. बायाबाईंकडून आनंदाबाईकडे, तिच्याकडून शेजारच्या तुळसाकडे. हसतेय रेणू.

तो गोठ्याच्या छपरावर आहे. एकटा. माझ्याकडे पाहत नाही. ती ज्या कडेवर जाते तिकडे त्याची मान वळते.

दात घासतोय.

ओरडायला हवं. ओरडलो की विचारतील— तुमाले कसं ठाऊक सर. मग सांगावं लागेल. सगळ्यांसमोर, ज्योत्सनासमोर, तेरवीच्या पानावर. एकच तर वाक्य आहे. इथे लिहिता येतं. पिल्लू मी मारलं. पिल्लू मी मारलं. तोंडातून येत नाही—

नुसतं ‘लेकराला आत आणा’ म्हटलं तरी चालेल. का ते सांगायची गरजच नाही. हे आत्ता सुचलं. जातो.

ज्योत्सना विचारतेय, रेणू कोणाजवळ आहे? बायाबाई म्हणतात, आनंदाबाईजवळ. आनंदाबाई म्हणते, मी तुळसाले देली. तुळसा म्हणते, मी खाली ठेवली, आता तर इथंच—

छपरावर कोणी नाही. माद्या सगळ्या उभ्या राहिल्यात, एकाच बाजूला पाह