ए शरणार्थी!

लातूर,
बुधवार, दुपार

प्रिय सिंधु,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, मी ठणठणीत आहे. फोन का केला नाहीस म्हणून ओरडू नकोस. फोन केला की तू केळीच्या गाड्यावर असतेस, मागं एसट्यांचे भोंगे, पुढं गिऱ्हाईक, आणि माझं अर्धं बोलणं व्हायच्या आत "हाव, हाव, ठेव आता" म्हणून मोकळी होतेस. आज मला अर्धं बोलायचं नाही. तुझी सून वाचून दाखवेल. पुनम, बाई, सगळं वाच, मधलं काही गाळू नकोस, आणि सासूनं डोळ्याला पदर लावला तरी थांबू नकोस. तर सिंधु, येत्या रविवारी आमच्या गल्लीत एक बैठक आहे. त्या बैठकीत मला तोंड उघडायचंय. उघडलं तर ही खोली, ही गल्ली आणि इथं मिळालेला मान राहतो की जातो, काही सांगता येत नाही. ते सगळं सांगते, पण जरा मागून सुरुवात करते.

आज सकाळी ज्वारीच्या भाकऱ्या थापता थापता तुझी फार आठवण आली. माझ्या कडक भाकऱ्यांचं आता गल्लीत नाव झालंय. गुरुपादप्पांच्या किराणा दुकानात पुढं भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणीच्या पुड्या, आणि दुकानाच्या मागं माझी खोली. खोली म्हणजे काय, खाट टाकली की चूल पुढं सरकते. पण दाराला आतून कडी आहे. तुला हसू येईल, दोन वर्षं झाली तरी मी रोज ती कडी लावते, काढते, परत लावते. शेजारच्या बायकांना वाटतं मी भित्री आहे. त्यांना कुठं ठाऊक, अकरा महिने मला कडीच नव्हती.

ते अकरा महिने तू पाहिलेस, पण त्याच्या आधीचं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आमच्या ह्यांना दवाखान्यासाठी नांदेडला आणलं तेव्हा उदगीरची भाड्याची खोली सोडून आले होते. हे गेले. तिथल्याच दिराला निरोप धाडला, तर तो म्हणाला, महिनाभरानं ये, घरात अडचण आहे. त्याचा तो महिना अजून उलटलेला नाही. मी बसस्टँडवर उदगीरच्या गाडीला म्हणून येऊन बसले ती बसलेच. पहिले चार दिवस मी स्वतःला प्रवासीच समजत होते. गाडी लागली की उठायची, पिशवी सावरायची आणि परत बसायची.

खरं सांगू, नांदेडात पोटाची चिंता पडली नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसलं की कुणी विचारत नाही तू कोण, कुठली. त्या वाढणाऱ्या हातांचं ऋण मी जन्मात विसरणार नाही. आणि थंडीत तर एका आठवड्यात सात ब्लँकेटं मिळाली मला! सात! प्रत्येकासोबत एक फोटो. ब्लँकेट हातात दिलं तरी सोडायचे नाहीत, फोटो नीट येईस्तोवर दोन्हीकडून धरून उभं राहायचं. चांगलीच माणसं होती गं, मी नावं ठेवत नाही. पण सात ब्लँकेटं मी ठेवू कुठं? सहा वाटून टाकली, तर पुढच्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, ही बाई ब्लँकेटं विकते. एक गृहस्थ रोज जाताना मला म्हणायचे, हातपाय धड आहेत, काम कर की. करायचंच होतं मला. पण माझं गाठोडं कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ? त्यात ह्यांचा फोटो होता, इष्टलिंगाची चांदीची डबी होती, आधारकार्ड होतं, तेही जुन्या पत्त्याचं. गाठोडं पाठीवर घेऊन आलेल्या बाईला धुण्याभांड्याला कोण ठेवतं?

आणि ते वहीवालं प्रकरण! आता हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. बेघर माणसांची नोंद करायला काही मंडळी आली होती, हातात वही घेऊन. चांगल्या घरची माणसं दिसली म्हणून मी आपली आमच्या पद्धतीप्रमाणे हात जोडून म्हणाले, शरणु शरणार्थी. आमच्याकडे लिंगायतांत असंच म्हणतात, तुमचा रामराम तसा आमचा शरणार्थी. त्या माणसानं मान डोलावली आणि वहीत लिहिलं, शरणार्थी. मी नाव सांगायला तोंड उघडलं तोवर तो पुढच्याकडे गेला. झालं! दुसऱ्या दिवसापासून मी साऱ्या स्टँडची शरणार्थीबाई. कुणी म्हणे बांगलादेशातून आली, कुणी म्हणे श्रीलंकेतून. एका शिपायानं तर मला मराठी येतं का ते मराठीतच विचारलं. मी इतकी खचले होते, की नाही म्हणावंसंही वाटेना. ज्यांचं कुणी नाही त्यांना शरणार्थी म्हणतात तर म्हणू देत, खोटं काय आहे त्यात?

तू पण त्यातलीच, सिंधु. चार महिने तू मला "ए शरणार्थी, सरक तिकडं, केळीचा घड उतरवायचाय" म्हणून ओरडायचीस. मला तुझा राग यायचा, पण दिवसभरात माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस, म्हणून त्या ओरडण्याचीही मी वाट बघायची. आणि मग तो दिवस. लातूरच्या गाडीला थांबलेले गुरुपादप्पा तुझ्याकडे केळी घ्यायला आले, पांढरी टोपी, कपाळाला भस्म. तू नेहमीसारखी माझ्यावर ओरडलीस, "ए शरणार्थी!" आणि अप्पांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि तुला म्हणाले, शरणु शरणार्थी, ताई, तुम्ही आमच्यातल्या का? तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्यांनी तुला समजावून सांगितलं, अहो हा आमचा नमस्कार आहे. तू कपाळाला हात लावलास. माझ्यापाशी येऊन उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "म्हंजे चार म्हयने मी तुला रोज नमस्कार घालून राहिले व्हय? नाव काय गं तुझं, बाई?" सिंधु, स्टँडवर आल्यापासून माझं नाव विचारणारी तू पहिली. दानम्मा म्हणताना माझा मलाच आवाज ओळखू येईना.

त्यानंतरही सगळं सरळ झालं नाही, हे तूही कबूल कर. तू मला हट्टानं अर्धापूरला घरी नेलंस. चांगली खोली दिलीस, नवं लुगडं दिलंस. पण गावातल्या बाया रांगेनं मला बघायला आल्या, आणि तू प्रत्येकीला माझी कहाणी पहिल्यापासून सांगायचीस. भांड्याला हात लावू दिला नाहीस. तिसऱ्या दिवशी मी न सांगता निघून परत स्टँडवर आले. तू चार दिवस बोलली नाहीस, माझ्याकडे पाठ करून केळी विकलीस. पाचव्या दिवशी तणतणत आलीस आणि विचारलंस, "मंग तुला पाहिजे तरी काय?" एवढा साधा प्रश्न, पण तोवर कुणीच विचारला नव्हता. मी म्हणाले, गाठोडं ठेवायला जागा, आणि पुढंमागं जमलं तर आतून कडी लावता येईल असं दार. तू गाड्याखालचं फडकं वर केलंस, केळीची पानं बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "ठेव इथं. मी हाय." त्या दिवशी मी रिकाम्या हातांनी वजिराबादच्या बाजारापर्यंत चालत गेले. नुसती चालले गं. हात हलवत. खांदे इतके हलके झाले होते की रस्त्यात मला रडू फुटलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. आधारकार्डावर "मार्फत" म्हणून तुझं नाव लागलं, तुझा पत्ता लागला. भाकरी येते म्हटल्यावर तू अप्पांचा नंबर शोधून काढलास आणि त्यांना फोनवर असं काही बजावलंस की ते अजून तुझं नाव काढलं की टोपी सारखी करतात. मला दया नको, खोलीचं भाडं घ्या, हे मी म्हणायच्या आधी तूच म्हणालीस. अर्धापूरच्या त्या तीन दिवसांत तूही शिकलीस आणि मीही. तुझे आभार मी कधी तोंडानं मानले नाहीत. आज मानते. माझ्या पाठीवरचं ओझं तू आधी उतरवलंस आणि शहाणपण नंतर शिकवलंस, बाकीच्यांनी उलटं केलं. फार मोठे उपकार आहेत तुझे, सिंधु, आणि हे वाचताना तू "गप गं" म्हणणार हेही मला ठाऊक आहे.

आता आजचं. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनी शाळेची इमारत रिकामी पडलीय. तिथं बेघर लोकांसाठी निवारा निघणार आहे, खाटा, न्हाणी, सामान ठेवायला कुलपाची कपाटं. कपाटांचं ऐकलं तेव्हा मला तुझ्या गाड्याखालची जागा आठवली. पण गल्ली पेटून उठली. दारुडे येतील, चोऱ्या होतील, लेकीबाळींनी जायचं कुठून? आमच्या बचत गटाची अध्यक्ष उज्वला अर्ज घेऊन दारोदार फिरली. वाईट बाई नाही हं ती. मागं मला ताप आला तर तीन दिवस तिनं ताक-भात आणून दिला. तिची पोर त्याच रस्त्यानं शिकवणीला जाते, तिची भीती खोटी नाही. ती माझ्या दाराशी आली, म्हणाली, मावशी, तुम्ही एकट्या बाई, तुम्हाला तर सगळ्यात जास्त धोका. आणि सिंधु, मी सही केली. निवारा नको म्हणून दिलेल्या अर्जावर माझी सही आहे. सातवी शिकल्याचा मला एवढा अभिमान, अंगठा लावत नाही, सही करते, आणि ती सही मी अशी वापरली.

का केली? कारण इथं कुणाला काही माहीत नाही. आल्या दिवशी कुणी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, नांदेडला बहिणीकडे होते. तेव्हापासून ती बहीण वाढतच गेलीय. बहिणीचं शेत आहे, केळी आहेत, मोठा वाडा आहे. गंजगोलाईच्या बाजारातून अर्धापूरची केळी विकत आणते आणि बहिणीनं पाठवली म्हणून उज्वलाला देते. अप्पांना सगळं ठाऊक आहे, पण त्यांनी एका शब्दानं कुठं वाच्यता केली नाही. काल त्यांना म्हणाले, मी रविवारी खरं सांगणार. ते बराच वेळ तराजू पुसत राहिले. मग म्हणाले, दानम्मा, विचार करून बोल, भाकरीचं गिऱ्हाईक सगळं गल्लीतलंच आहे. रागावून नाही म्हणाले, काळजीनंच म्हणाले. पण सही केल्यापासून माझ्या घशाखाली माझीच भाकरी उतरत नाही. आज कुठल्या तरी स्टँडवर कुणी बाई गाठोडं पोटाशी धरून बसली असेल, आणि तिच्या कपाटाचं कुलूप मी काढून घेतलंय.

म्हणून हे पत्र. रविवारी तू ये. चार वाजता मठाच्या आवारातल्या ओट्यावर बैठक आहे, कुणालाही विचार, दाखवतील. गाडा एक दिवस पुनमवर सोड. मला माझ्यासाठी भांडायला तू नको आहेस, माझं मी बोलेन, सही मागं घेईन, उज्वलाच्या पोरीसाठी रस्त्यावर दिवा आणि दाराशी राखणदार आपण सगळ्यांनी मिळून मागू हेही सांगेन. मला फक्त सुरुवात जमणार नाही. तेवढी तू करून दे. मुद्दाम थोडी उशिरा ये, सगळे बसल्यावर. आणि आत येऊ नकोस, दारातूनच, गाड्यावरून ओरडायचीस तशी, पोटातून हाक मार, "ए शरणार्थी!" निम्मी गल्ली आमच्या लिंगायतांचीच आहे, सिंधु. जन्मापासूनची सवय आहे, ऐकलं की हात आपोआप जुळतात. अध्यक्षबाई, अप्पा, म्हातारीकोतारी, सगळे तुझ्याकडे वळून हात जोडतील आणि म्हणतील, शरणु शरणार्थी. त्यांचे हात जोडलेले असतील तेवढ्यात मी उभी राहीन आणि सांगेन, ही माझी बहीण, आणि तिनं आत्ता नमस्कार नाही घातला, मला हाक मारली.

तुझीच,
शरणार्थी दानम्मा