न वाचलेली ओळ

धाराशिव,
१४ डिसेंबर २०२४

करिश्मावहिनी,

नमस्कार. गोळ्यांच्या रांगेत तुम्ही विचारलं होतं, "वन्सं, त्या बाईला आपलाच आजार, तरी तिचं लेकरू पळतंय की. मग माझंच का न्हाय?"

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. तिकडे माहेरी, सास्तूरला, तुमच्या आईचे गुडघे कसे आहेत? इकडे आपल्या ढोकीला ऊसतोड सुरू झाली. शेळी व्याली, दोन पिल्लं. हे लिहायला नको होतं.

त्या रांगेच्या दिवशीच मी नर्सताईंना विचारलं. गोळ्या नेमानं घेतल्या, रक्तातला एचआयव्हीचा विषाणू दबलेला राहिला, तर बाळाला आजार होण्याची शक्यता फार कमी असते, म्हणाल्या. तुम्ही तर एकही गोळी चुकवली नव्हती. हे तुमच्या नसबंदीच्या ऑपरेशनआधी विचारायचं मला सुचलंच नाही. घरातली पहिली बी.ए.! "बाळाला होणारच," असं मी ठणकावून सांगितलं आणि आई म्हणाली, "सोनीचं ऐक, ती शिकल्याली हाय."

तेवढंच असतं तर माझं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण वहिनी, तुम्ही ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म माझ्या हातात दिलात. "नको म्हणलं तर गोळ्या बंद करत्याल का?" असं विचारलंत. त्याच कागदावर लिहिलं होतं, नकार दिला तरी उपचार बंद होणार नाहीत. ती ओळ मी वाचली, मनातल्या मनात. तोंडानं म्हणाले, "सही करा, आई बाहेर थांबलीय." मला वाटलं, मी तुमचं भलं करतेय.

पुन्हा मूल होण्यासारखं काही करता येईल का, हे विचारायला तुमचे कागद घेऊन डॉक्टरांकडेही जाऊन आले. आता काही होणार नाही, म्हणाले.

आणि तुम्ही माहेरी गेल्यावर आईनं दादाच्या दुसऱ्या लग्नासाठी सोनारी गावची मुलगी ठरवली. "पोरगी धडधाकट हाय, लेकरूबी धडधाकट हुईल," म्हणते. दादाच्या आजाराचा मुलीकडच्यांना पत्ता नव्हता. "तू सांग," असं मी त्याला तीनदा म्हटलं. तो उठून शेळीकडे जायचा.

दहा तारखेला त्याला घेऊन मी सोनारीला गेले. तो अंगणातच उभा राहिला. मुलीसमोर बसून मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. एवढंच विचारलं, "पहिली कुठं हाय?"

लग्न मोडलं. आईनं माझे कपडे ओट्यावर आणून ठेवले. सध्या मैत्रिणीच्या खोलीवर आहे. यातलं काहीच तुमच्या उपयोगाचं नाही, हे मला कळतं.

माफी मागायला तोंड नसलेली,
सोनाली