कापडाआडचा राजवाडा

ताई,

म्हणजे आता मी खोटारडा? राजवाड्याचा फोटो पाठवला नाही, म्हणून भाऊजी म्हणतात, याला त्या राजधानीत कामच नसेल! अगं, जो जुना राजवाडा बघायला तुम्ही इतक्या लांब येणार, त्याच्याच दुरुस्तीसाठी मी परांच्या बांधतो. सध्या तो अख्खा कापडाने झाकलाय. कापडावर राजवाड्याचंच चित्र छापलंय आणि लोक त्याच्यापुढे हसत फोटो काढतात.

कापड पुढच्या उन्हाळ्यात निघेल. तेव्हा इथलं काम संपेल आणि मुकादम मला कुठे धाडेल, देव जाणे. राजवाडा झाकलाय हे कळलं तर भाऊजी सहल पुढे ढकलतील. "आयुष्यात एकदाच जायचं, तर चित्र कशाला बघायचं?" त्यांचंही बरोबरच आहे. पण इथे आल्यापासून मला कुणी 'जेवलास का' विचारलेलं नाही गं. म्हणून मी गप्प आहे, आणि हे पत्रही टाकणार नाही. राजवाडा दिसला नाही म्हणून खुशाल शिव्या घाल, पण समोर बसून घाल.

तुझा आगाऊ,
धाकटा

ता. क. पत्र नाही, पण पैसे टाकलेत. याच वर्षीचं तिकीट काढ. साठ हजार आहेत.